शब्द फुटेना तेव्हा

शिरूरहून दौंडला जायच्या वाटा दोन-तीन आहेत. मला न्हावऱ्यावरून जाणारी, पारगावजवळ भीमा ओलांडून केडगावला निघणारी वाट आवडते. केडगाव स्टेशनवर दौंडकडची गाडी मिळाली की कडेठाण, पाटस आणि मग माहेर. वडील रेल्वेत होते. गाड्यांच्या वेळेवर ज्या घरात डबे भरले जायचे आणि दिवे मालवले जायचे, अशा घरात मी वाढले आणि लग्न होऊन घोड नदीच्या काठी आले. जुनी माणसं अजूनही शिरूरला घोडनदीच म्हणतात. इथल्याच पंचक्रोशीत जिल्हा परिषदेच्या शाळांमधून नोकरी झाली, मुलं वाढली आणि इथेच एक संसार दारूपायी हळूहळू विस्कटत गेलेला मी आतून पाहिला. तो संसार माझा होता.

निवृत्त झाल्यावर त्या वर्षांबद्दल लिहायला घेतलं. शाळेत वापरायचो तसल्या लांबट वह्या आहेत, त्यातच लिहिते. वही उघडी दिसली तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, ‘‘अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. आता ते गेले, सुटले. तूही सुटलीस. जुनं उकरून काय मिळणार आहे?’’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजीच होती. त्यांना उत्तर द्यायचं म्हणून मी विचार करू लागले आणि तो विचार मला फिरून फिरून केडगावला घेऊन गेला.

केडगाव सगळ्या दौंड तालुक्याला ठाऊक आहे ते पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे. आम्ही मुलं गाडीतून जाता-येता ‘मिशन आलं’ म्हणायचो, तेवढाच त्या नावाशी संबंध. शाळेच्या पुस्तकात रमाबाई भेटल्या त्या विदुषी म्हणून. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं, 1882 मध्ये पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणासाठी साक्ष दिली, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. हे सगळं मी मुलांना शिकवलंही. पण आपल्या दुष्काळाची हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे, ती मी वाचली फार उशिरा, माझ्या वह्या सुरू झाल्यावर. तेव्हापासून त्या माझ्यासाठी पुस्तकातल्या विदुषी उरल्या नाहीत.

रमाबाईंचा जन्म 1858 चा, गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि आईनं लेकीला. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळांतून पुराणं सांगत हिंडू लागलं. लोक जे श्रद्धेनं देत त्यावर पोट चाले. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकणाऱ्यांच्याच घरात दाणा नाही, तर पुराणिकाला कोण देणार? दागिने गेले, भरजरी वस्त्रं गेली, चांदीची भांडी गेली, मग तांब्यापितळेची गेली. शेवटचा तांदूळही संपला. वडील म्हातारे, दृष्टी अधू झालेली. घरात जलसमाधीचा विचार सुरू झाला. सगळे रानात निघून गेले आणि अकरा दिवस पाण्यावर, पाल्यावर आणि मूठभर रानखजुरांवर राहिले. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. शेवटी भाऊ म्हणाला, मी काम करीन, पण असं मरायचं नाही. रानातून माघारी आल्यावर वडील गेले, आणि काही दिवसांत आईनं अंथरूण धरलं.

इथे रमाबाई एक प्रसंग सांगतात. आई ग्लानीत सारखं खायला मागत होती. पोरीला ते ऐकवेना. ती उठून शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारात जाऊन उभी राहिली. मागायला गेली होती, पण तोंडातून शब्द फुटेना. बाईंनी विचारलं, काय हवं? पोरीच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत राहिलं. त्या बाईंनी काय ते ओळखलं आणि बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा तिच्या हातावर ठेवला. आभाराचा शब्दही न बोलता ती धावत आईकडे आली. आईला तो तुकडा खाता आला नाही.

मी बाजरीच्या मुलखातली बाई. शिरूर-दौंडकडच्या जिरायतीत अजूनही पाऊस बेतानं झाला तरी बाजरी हाताला लागते. थंडीत तीळ लावलेली, चुलीवर फुगलेली भाकरी आम्ही आनंदानं खातो. ती जाडीभरडी भाकरी आजाऱ्याच्या सुकल्या घशाखाली उतरत नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. म्हणून तो तुकडा मला दिसला. पण त्याहून जास्त दिसलं ते दारात उभं राहणं. हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत असलेली मुलगी, तिला ‘भाकरी द्या’ हे दोन शब्द म्हणता आले नाहीत.

आई गेली तेव्हा तिरडी उचलायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले. तिसरा भाऊ, चौथ्या रमाबाई. त्या बुटक्या होत्या, खांद्यावर तोल सावरेना, म्हणून त्यांनी आपली बाजू डोक्यावर घेतली आणि तशाच मसणवटीपर्यंत चालत गेल्या. एवढंच त्या सांगतात. या प्रसंगावर त्या भाष्य करत नाहीत.

असं लिहिणं वाचून काय होतं ते मी माझ्यापुरतं सांगू शकते. माझ्या वहीत एक संध्याकाळ आहे. हे कामावरून आले ते अंगणातच, तुळशीपाशी, पडले. पाऊस होता. एकटीला उचलवेना. शेजारचे दादा घरात होते, त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसत होता. मी डोक्यावर पदर घेऊन गेले, दार वाजवलं. वहिनींनी दार उघडलं. ‘‘काय हो बाई, एवढ्या पावसात?’’ मी म्हणाले, ‘‘थोडी साखर मिळेल का?’’ त्यांनी वाटी भरून साखर दिली. ती वाटी पदराखाली झाकून मी घरी आले. मुलीला हाक मारली, आम्ही दोघींनी गोणपाट त्यांच्या अंगाखाली सरकवलं आणि ओढत ओढत ओसरीवर घेतलं. मुलगी सातवीत होती. साखर फडताळात तशीच राहिली, तिला पाणी सुटलं.

वहीत ही संध्याकाळ उतरायला मला फार दिवस लागले. मारझोडीचं लिहून झालं होतं, कर्जाचं, दवाखान्यांचं लिहून झालं होतं. साखरेच्या वाटीपाशी हात अडत होता. रमाबाईंच्या भाकरीच्या तुकड्यानं तो हात मोकळा केला. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी ज्याला दुःख म्हणत होते त्यात निम्म्याहून जास्त लाज होती. दुःखाला कुणाचं पुस्तक पुरत नाही. गेलेलं माणूस गेलेलंच राहतं आणि वाया गेलेली वर्षं परत येत नाहीत. पण लाज उतरू शकते, आणि ती दुसऱ्यानं आपली लाज उघड्यावर मांडलेली पाहिली की उतरते. आपण एकटेच असे हीन, असे दुबळे, हा जो काटा आत रुतलेला असतो तो आपल्याहून कितीतरी मोठ्या माणसाच्या पायातही होता, हे कळतं. मग माणूस तोंड उघडतो. तोंड उघडलं की मदत मागता येते. माझ्या मते आठवणी लिहिण्याचा दुसऱ्याला होणारा खरा उपयोग हा आहे, आणि तो काही थोडाथोडका नाही. त्या पावसात मला ‘दादांना जरा पाठवा’ म्हणता आलं असतं, तर माझ्या सातवीतल्या मुलीच्या वाट्याला ते ओझं आलं नसतं.

रमाबाईंनी स्वतःच्या घराची ही लाज झाकली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्या माणसांना कष्टाचं काम करता येत नव्हतं, पांडित्याच्या अभिमानानं भीकही मागवत नव्हती, आणि होते ते पैसे देव प्रसन्न व्हावा म्हणून दानधर्मात गेले, असं त्या आईवडिलांवर अपार माया असूनही लिहितात. त्याच आईच्या स्मृतीला त्यांनी 1887 मध्ये अमेरिकेत छापलेलं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ अर्पण केलं. माया आणि खरेपणा एका जागी ठेवता येतात. लिहायला बसणाऱ्यानं एवढं जरी त्यांच्याकडून घेतलं तरी पुष्कळ.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आमच्याच गल्लीत सासरी आहे. तिचा नवरा रांजणगावच्या एमआयडीसीत पाळ्या करतो आणि पगार झाला की दोन दिवस घरी येत नाही. ती एकदा दुपारची आली. मी धीराचं काही बोलायला लागले, तर तिनं मला मध्येच थांबवून विचारलं, ‘‘बाई, तुम्ही पैसे कुठं ठेवायचा?’’ मी सांगितलं. आधी बाजरीच्या कोठीत, तळाशी. ते सापडलं. मग शाळेच्या कपाटात, हजेरीपटांच्या गठ्ठ्यामागे. शेवटी पोस्टात दरमहा बचतीचं खातं उघडलं आणि पासबुक दौंडला आईकडे ठेवलं. तिनं पुढे विचारलं, मुलांना काय सांगायचा? सासूबाई काय म्हणायच्या? फाटकाची कडी वाजल्यावर तुम्हाला कळायचं का, किती झालीये ते? मला कळायचं. कडी सरळ उघडली तर बरं, दोनदा घसरली तर मुलांची पुस्तकं उचलायची आणि त्यांना माजघरात घालवायचं. हे ऐकून ती हसली. खूप दिवसांनी हसली असावी. तिच्या घरच्या फाटकालाही तशीच कडी होती.

त्या दुपारनंतर मी वहीतला सगळा उपदेश खोडून काढला. ‘धीर सोडू नये’, ‘काळ हेच औषध’ असली वाक्यं कुणाच्याच उपयोगाची नव्हती. त्याच्या जागी कोठी, कपाट, कडी आली. जळणाऱ्या माणसाला तपशील हवा असतो. तपशिलातून दोन गोष्टी हाती लागतात. सांगणारी खरंच तिथे होती याची खात्री पटते आणि उद्या सकाळी काय करायचं याची एखादी युक्ती मिळते.

दारूच्या बाबतीत ही गोष्ट जगानं नव्वद वर्षांपूर्वी ओळखली. 1935 मध्ये बिल विल्सन नावाचा अमेरिकन माणूस कामासाठी अ‍ॅक्रन शहरात गेला होता. दारू सोडून काहीच महिने झाले होते, धंद्यातलं काम फिसकटलं होतं आणि हॉटेलातला बार समोर होता. त्यानं आत जायचं सोडून फोन फिरवायला सुरुवात केली. आपल्यासारखाच एखादा दारुडा त्याला बोलायला हवा होता. त्यातून डॉक्टर बॉब स्मिथ भेटले आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवात झाली. दुसऱ्याला वाचवायच्या आधी तो स्वतःला वाचवत होता. आपली हकिकत सांगितल्यानं सांगणारा तरतो आणि ऐकणाराही, हेच त्या बैठकांचं सूत्र. आपल्याकडे पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथेही आपलं आपण बोलण्याला असंच मोठं स्थान आहे. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन 1951 पासून आहे. बायकांना तिथे जाऊन फक्त ऐकत बसता येतं, हे मला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

त्याच 1986 साली जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञानं एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना चार दिवस ओळीनं, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत कठीण अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. लिहून उठल्यावर ती मुलं आधीपेक्षा जास्त खिन्न होती. पण पुढच्या महिन्यांत त्यांचं दवाखान्यात जाणं इतरांहून कमी झालं. नंतर असे पुष्कळ प्रयोग झाले आणि लिहिण्यानं होणारा फायदा मध्यमच, काहींना तर होतच नाही, असंही दिसलं. मला ते पटतं. माझ्यावर लिहिण्याचा पहिला परिणाम झाला तो झोप उडण्याचा. ज्यांची जखम अजून वाहते आहे त्यांनी एकट्यानं वही घेऊन बसू नये, कुणीतरी जवळचं किंवा जाणकार माणूस बरोबर असावं, असं मी आग्रहानं सांगते. हे माझ्याकडे वही बघायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगते.

रमाबाईंकडेच पुन्हा जाते, कारण लिहिणं आणि करणं यांची गाठ त्यांच्याइतकी घट्ट मला दुसरीकडे दिसली नाही. आईवडिलांमागोमाग थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा पटकीनं गेला. पदरात लहानगी मनोरमा. पुढे इंग्लंड, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, अमेरिका आणि मग शारदा सदन. सदन पुण्याला आल्यावर धर्मांतराच्या संशयावरून 1893 मध्ये मोठं वादळ उठलं, सल्लागार मंडळातले मोठे लोक बाजूला झाले, बऱ्याच मुली घरच्यांनी काढून नेल्या. सदनाला उत्पन्नाचा आधार असावा म्हणून फळबागेसाठी रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली होती. ओसाड माळच तो. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या तेव्हा वीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार त्यांच्यापुढे उभी राहिली. त्या उठून तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्याच सुमारास त्यांनी ती हकिकत लिहिली. पुण्यात प्लेग होता, एवढ्या मुली शहरात ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून केडगावच्या माळावर झोपड्या आणि तंबू पडले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे जवळपास दोन हजार बायका-मुली होत्या. त्यांनी माग चालवले, तेलाचा घाणा चालवला, छापखाना चालवला. कृपा सदन फसवल्या गेलेल्या बायकांसाठी, आणि अंध मुलींसाठी वेगळं सदन. तिथे मनोरमाबाई ब्रेल शिकवत. 1907 मध्ये रमाबाईंनी आपली साक्ष लिहिली तीही याच माळावर. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलाचं मराठी भाषांतर इथल्या बायकांनीच खिळे जुळवून छापलं.

ज्या मुलीला दारात भाकरी मागता आली नाही, तिनं पुढे मागायला न लावणारं घर बांधलं. दारात उभ्या राहिलेल्या पोरीला काय हवंय हे न विचारता कळणारी बाई तिला एकदा भेटली होती. मला वाटतं, केडगावला रमाबाई आयुष्यभर ती बाई होऊन राहिल्या.

इथे मला एक गोष्ट बोचते, आणि ती लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या दोन हजार मुलींची स्वतःची हकिकत आपल्यापर्यंत त्यांच्या तोंडून फार थोडी आली. मिशनच्या अहवालांत त्या दिसतात, परदेशी देणगीदारांसाठी काढलेल्या छायाचित्रांत दिसतात. हाडांचे सापळे झालेल्या, नंतर भरलेल्या गालांच्या. मुली जगवायच्या तर पैसा लागतो, पैशासाठी हलाखी दाखवावी लागते, हे मला समजतं. तरी दुसऱ्याचं दुःख आपण मांडणं आणि ज्याचं त्यानं मांडणं यांत अंतर आहे. रमाबाईंची साक्षही शेवटी श्रद्धेची साक्ष आहे, त्यांना येशूपर्यंत नेणाऱ्या वाटेची. माझ्यासारखी वारकरी घरातली बाई तिचा उत्तरार्ध वाचताना बाहेर उभी राहते. पण दुष्काळाची पानं कुठल्याच धर्माची नाहीत. तिथे मला कुणी अडवत नाही.

मुलींनी स्वतः बोलण्याचं एक उदाहरण मात्र उजळ आहे. शारदा सदन उघडल्यावर तिथे आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, बालविधवा. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला, त्या आनंदीबाई म्हणजे बाया कर्वे. वाळीत टाकलं गेलेलं ते सगळं आयुष्य त्यांनी उतारवयात सांगून लिहवून घेतलं, ‘माझे पुराण’ नावानं 1944 मध्ये ते आलं. रमाबाईंच्या छताखाली वाचायला शिकलेल्या एका बाईनं पंचावन्न वर्षांनी आपली गोष्ट आपल्या भाषेत, कुणालाही न घाबरता सांगितली.

आपल्या भागात कागद हा गरिबाच्या बाजूचा कधी नव्हता. 1875 मध्ये सुप्याला दंगा उसळला, तो भीमथडी-शिरूरच्या गावांत पसरला. शेतकऱ्यांनी सावकारांकडून कर्जरोखे, खतं, वह्या बाहेर काढून जाळल्या. माणसांवर हात टाकण्यापेक्षा त्यांचा राग कागदावर जास्त होता, कारण त्या कागदावर अंगठा यांचा आणि मजकूर दुसऱ्याचा. शाळेत हा धडा शिकवताना मी मुलांना म्हणायची, म्हणून लिहायला शिका. आज वही लिहिताना ते वेगळ्या अर्थानं आठवतं. आमच्या घराचाही मजकूर इतकी वर्षं दुसरेच लिहीत होते. ‘बाईनं सांभाळून घेतलं नाही’, ‘बायको नोकरी करणारी, म्हणून तो वाया गेला’. गावात फिरणारा तो मजकूर मला माझ्या हातानं बदलायचा होता.

पण माझ्या मजकुरातही दुसऱ्यांची माणसं आहेत, आणि यावर मी फार विचार केला. गोणपाटाचं पान मी मुलीला वाचायला दिलं. आता ती चाळिशीची आहे. तिनं वाचलं, म्हणाली, ‘‘हे राहू दे. पण त्या रात्री नंतर मी तुला जे बोलले ते लिहू नकोस. ते माझं आहे.’’ मी ती चार वाक्यं काढली. त्यामुळे ते पान लंगडं झालं, वाचणाऱ्याला काहीतरी सुटल्यासारखं वाटेल. वाटू दे. बरं होण्यासाठी लिहायचं आणि त्यात पोरीला पुन्हा एकदा ओझं उचलायला लावायचं, हे मला मान्य नाही.

न सांगण्याचा हा हक्क मोठ्या लेखिकांनीही राखला आहे. फलटणच्या बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिलं ते दुकानात बसून, चोरून. नवऱ्याच्या आणि मुलाच्या नजरेला पडू नये म्हणून ते कागद त्यांनी वीस वर्षं लपवून ठेवले. अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी ते लिखाण बाहेर काढायला लावलं, 1982 मध्ये ते ‘स्त्री’ मासिकात आलं आणि 1986 मध्ये पुस्तक झालं. महारवाड्यातल्या बायकांची उपासमार, कोवळ्या सुनांचे हाल त्यांनी जसेच्या तसे मांडले. स्वतःच्या नवऱ्यानं केलेल्या मारहाणीबद्दल मात्र त्या पुढे मुलाखतीत बोलल्या, पुस्तकात त्यांनी समाजाचं दुःख पुढे ठेवलं. कुणी याला धैर्य कमी पडलं म्हणेल. मला ती निवड वाटते. काय सांगायचं आणि कधी, हे सोसणाऱ्यानंच ठरवायचं असतं. वाचणाऱ्यानं त्यावर हक्क सांगू नये.

आता माझ्या ओसरीवर अधूनमधून दुपारी काही बायका येतात. शेंगा फोडता फोडता मी वहीतलं एखादं पान वाचते. कुणी मान हलवते, कुणी उठून पाणी प्यायला जाते आणि बराच वेळ परत येत नाही. साखरेच्या वाटीचं पान वाचलं त्या दिवशी एक म्हातारी, जिच्या घरात असलं काही असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, म्हणाली, ‘‘मी विरजण मागायची.’’ एवढंच बोलून ती पुन्हा शेंगा फोडू लागली. माझी विद्यार्थिनी तिच्या शेजारी बसली होती. त्याच आठवड्यात तिनं दिराला फोन करून पहिल्यांदा सगळं सांगितलं आणि नवऱ्याला उपचाराला न्यायचं ठरवलं. तो टिकेल की नाही, माहीत नाही. पुढच्या पगाराला काय होतं ते बघायचं आहे. तिचं पासबुक सध्या माझ्या कपाटात आहे.

वहीत आता एकच मोठी गोष्ट लिहायची राहिली आहे. हे पखवाज फार सुंदर वाजवायचे. गावच्या भजनी मंडळात एकादशीला त्यांच्याशिवाय भजन उभं राहत नसे. वाजवायच्या आधी पखवाजाच्या धुमेला कणीक लावावी लागते, ती मी मळून द्यायची. सैल झाली तर आवाज घुमत नाही, घट्ट झाली तर सुटून पडते. ते अंगठ्यानं दाबून बघायचे आणि म्हणायचे, ‘‘अजून एक पाण्याचा हात.’’ हे सगळं शुद्धीवरच्या, निर्व्यसनी दिवसांतलं. मुलांना त्यांचे हे दिवस आठवत नाहीत, ती तेव्हा फार लहान होती. नुसती दारूच वहीत राहिली तर ते लिहिणं त्या माणसाशी खोटं ठरेल, एवढं मला कळतं. पण त्या कणकेपाशी आलं की लाज कुठेच नसते, नुसतं दुःख असतं, आणि त्याला कसं लिहायचं ते मला अजून साधलेलं नाही. दर एकादशीला वही घेऊन बसते. पहिली ओळ झाली आहे. कणीक किती पाण्यात मळायची, ते लिहिलं आहे.